राहण्याजोगी बरणी

मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बरणीकाकांच्या लक्षात आलं की ग्रह आचके देतोय.

ग्रह म्हणजे काचेची एक भलीमोठी बरणी. विज्ञान केंद्राच्या ‘राहण्याजोगा ग्रह’ नावाच्या दालनात, चौथऱ्यावर, एका दिव्याखाली ती ठेवलेली होती. आत माती, शेवाळ, नेच्याचं एक झुडूप आणि तीन गोगलगायी. तोंडाला बूच आणि बुचाभोवती मेण. समोरच्या फलकावर लिहिलं होतं, ‘ही बरणी एकोणीस वर्षांपूर्वी बंद केली. तेव्हापासून आत काही घातलेलं नाही, बाहेर काही काढलेलं नाही. आत जातो तो फक्त उजेड. आपली पृथ्वीही अशीच एक बरणी आहे.’ हे वाचून माणसं क्षणभर गप्प होत आणि मग स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारत.

बाकी दालनात राहण्याजोगं फारसं काही नव्हतं. केंद्र एका जुन्या गोदामात भरत असे. छताला टांगलेल्या ग्रहांपैकी शुक्राला ओल आली होती, मंगळाचा रंग उडून तो बटाट्यासारखा दिसत होता आणि छत गळायचं म्हणून गुरूच्या खाली कायमची एक बादली होती. या दालनाचे मार्गदर्शक म्हणजे बरणीकाका. हे नाव शाळेच्या मुलांनी ठेवलं, मग सगळ्यांनी उचललं. ग्रह ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर का हवा, पाणी नुसतं असून भागत नाही तर वाहतं का राहावं लागतं, हवा धरून ठेवायला ग्रहाच्या अंगात किती ओढ लागते, हे सगळं ते सांगत आणि शेवटी बरणीकडे हात करत. ते भाषण त्यांना इतकं पाठ होतं की बायको म्हणे, झोपेतसुद्धा त्यांचा उजवा हात बरणीकडे जातो.

महिनाभरापूर्वी मुख्य कार्यालयातून फोन आला होता. रिकामी पडलेली दालनं बंद करायची आहेत. ज्या दालनात खरोखरीचं, तपासून सिद्ध झालेलं असं काही असेल तेवढीच राहतील. त्यासाठी येत्या शनिवारी तपासनीस येणार होता. दालन बंद झालं तर बरणीकाकांची बदली मुख्य कार्यालयाच्या कोठारात होणार होती, खोकी बांधायला. वय चोपन्न. खोक्यांना कुणी ग्रहांबद्दल सांगत नाही.

आणि आज ही बरणी! शेवाळ तपकिरी पडलं होतं, नेच्याने मान टाकली होती, माती भेगाळली होती. तीनपैकी दोन गोगलगायी शंखात शिरून बसल्या होत्या आणि तिसरी बाहेर होती, पण तिला घाई कसलीच दिसत नव्हती.

बरणीकाकांनी दालनाचं दार लोटलं. एकोणीस वर्षांत त्यांनी त्या बुचाला बोट लावलं नव्हतं. पट्टीच्या कडेने मेण खरवडलं, बूच उपटलं, पेलाभर पाणी आत ओतलं आणि दिवे गेल्यावर लागते म्हणून खणात ठेवलेली पांढरी मेणबत्ती पेटवून पुन्हा सगळं लिंपून टाकलं. खरवडताना मेणात दोन-तीन रंग दिसल्यासारखे वाटले, पण अशा वेळी कोण रंग बघतो? ज्या बरणीपुढे उभं राहून आयुष्यभर खरं बोललो, तिच्याशीच आपण दगा केला, असं त्यांना वाटलं आणि डबा न उघडताच त्यांनी पिशवीत ठेवून दिला.

खरी धास्ती पुढेच होती. बरणी बंद केली होती सासूबाईंनी. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. हे दालन त्यांनी उभं केलं, जावयाला इथे चिकटवलंही त्यांनीच, आणि जावई म्हणजे आपल्या हातून झालेला एक बरा प्रयोग, यापलीकडे त्यांचं मत कधी गेलं नाही. लेकीच्या लग्नापासून त्या तिच्याकडेच राहत. पायाचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळच्या खाटेवर पडून असत. जावई घरी आला की त्या एकच प्रश्न विचारत.

“बरणी कशी आहे?”

“छान आहे, आई,” बरणीकाका म्हणत. एवढंच. दिवसभराचं बोलणं तिथेच संपे.

त्या दिवशी “छान” म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. सासूबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

“अहो, तुम्हाला बरं नाही का?” बायकोने विचारलं.

“कोठारात ओल असते का गं?” बरणीकाकांनी विचारलं. बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बुधवारी शेवाळाला थोडी तरतरी आली होती. बरणीकाकांना हायसं वाटलं. गुरुवारी सकाळी पाहतात तो पाणी मातीच्या वर आलेलं. आपण पेलाभरच ओतलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण झाडं पाणी सोडतात, वाफ काचेवर जमते, खाली येते, असं त्यांनी हजारदा सांगितलं होतं, आणि स्वतः हजारदा सांगितलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास बसतोच. शुक्रवारी नेचे गुडघाभर पाण्यात उभं होतं. शनिवारी सकाळी शेवाळ सुटून तरंगत होतं आणि तिन्ही गोगलगायी काचेवरून चढून बुचाला चिकटल्या होत्या. पूर आल्यावर माणसं छपरावर जाऊन बसतात तशा.

त्याच वेळी तपासनीस बाई आल्या.

तरुण होत्या, पण चेहऱ्यावर थकवा होता. गेल्या काही महिन्यांत त्यांनी इतकी दालनं बंद केली होती की त्यांना पाहून लोक आधी खुर्च्या मोजायला घेत. व्यवस्थापक साहेब हात जोडून पुढे झाले. चहाचं कुणीच विचारलं नाही. आपल्याला फाशी देणाऱ्याला चहा विचारायचा की नाही, याबद्दल तिथे एकमत नव्हतं.

बाई बरणीसमोर उभ्या राहिल्या. “आत जातो तो फक्त उजेड,” फलकाकडे न बघता त्या म्हणाल्या. “सातवीत धडा होता मला. पाठ आहे अजून.”

बरणीकाकांच्या जिवात जीव आला. पण लगेच बाईंनी चष्मा पुसला आणि बरणीत वाकून पाहिलं.

“इतकं पाणी कसं?”

“ग्रहाच्या इतिहासात असे काळ येतात,” बरणीकाका म्हणाले. “सध्या समुद्र वाढण्याचा काळ आहे.”

“एकोणीस वर्षांनी?”

“ग्रहाला एकोणीस वर्षं म्हणजे काय हो!”

मागे उभ्या असलेल्या तिकीटबाईंना खोकल्याची उबळ आली. दाराशी उभा असलेला पहारेकरी छताकडे बघू लागला. व्यवस्थापक साहेबांनी उगाचच गुरूखालची बादली सरळ केली.

“बरणी कधीच उघडली नाही याला पुरावा काय?” बाईंनी विचारलं.

या प्रश्नाची बरणीकाका वाटच बघत होते. त्यांनी टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. सातवीचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कात्रण, एका प्राध्यापकाचा जाडजूड प्रबंध, परदेशी मासिकाचा अंक आणि इंटरनेटवरून छापून आणलेलं पान. बाई खाली बसल्या आणि एकेक चाळू लागल्या. बराच वेळ बादलीत थेंब पडल्याचा तेवढा आवाज येत राहिला.

“इंटरनेटवाल्याने हे मासिकातून घेतलंय,” शेवटी त्या म्हणाल्या. “मासिकवाल्याने प्रबंधातून. प्रबंधात कात्रणाचा हवाला आहे. कात्रणात म्हटलंय, शाळेच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे. आणि पुस्तकात धड्याखाली बारीक अक्षरात छापलंय, फलकावरून साभार. फलक कुणी लिहिला?”

“मी.”

“म्हणजे काका, हे पाच साक्षीदार नाहीत. साक्षीदार एकच आहे, त्याने पाच वेळा कपडे बदललेत.”

बरणीकाकांचा चेहरा उतरला. “पण छापलेलं आहे ना!”

“छापणाऱ्यांपैकी कुणी बरणी पाहिली होती का? मी आधी तेवढंच विचारते. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय, की कुणाचं ऐकून सांगतोय? बंद करताना तुम्ही होतात?”

“नाही. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. सासूबाईंनी सांगितलं, मी रंगवलं.”

“आणि हे खोटं निघालं तर तुमचं काय जाईल?”

“सगळंच,” बरणीकाका म्हणाले. मग जरा रागाने म्हणाले, “ज्याचं पोट एखाद्या गोष्टीवर आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं आहे का तुमच्या शास्त्रात?”

“ठेवायचा ना,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “पण बूचही काढून बघायचं.”

त्यांनी पिशवीतून धारदार पातं काढलं आणि बुचाभोवतीच्या मेणाचा एक काप उभा कापून टेबलावर ठेवला. सगळे जवळ आले. मेणात थर होते. वर पांढरा, त्याखाली गुलाबी, मग काळपट, मग जांभळा, पुन्हा गुलाबी, पुन्हा काळपट, परत जांभळा, असं करत करत अगदी तळाशी एक जुनाट पिवळा थर. खडकाच्या थरांवरून पृथ्वीचं वय कसं काढतात, ते बरणीकाका रोज मुलांना सांगत. आज पहिल्यांदाच त्यांना थर वाचायचे नव्हते.

“पांढरा माझा,” ते एकदम म्हणाले. “मंगळवारचा. लिहा. मी उघडली. फक्त एकदा.” त्यांचे डोळे भरून आले होते. “पण बाकीचे मला माहीत नाहीत. आईशपथ माहीत नाहीत.”

तिकीटबाईंनी पदर तोंडाला लावला.

“गुलाबी माझे,” त्या म्हणाल्या. “नातीच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या उरतात ना, त्या. अहो, दर तीन-चार महिन्यांनी सुकायची ती. बघवायचं नाही. काका भाषणात इतका जीव ओततात, म्हटलं, घालावं घोटभर. कुणाला काय कळतंय!”

“काळपट आपलं,” पहारेकरी म्हणाला. “बुटाचं मेण. त्या गोगलगायी आहेत ना, त्या तरी मूळच्या कुठे राहिल्यात? मेली की मी मागच्या भिंतीवरून दुसरी आणतो. यांना कसं सांगायचं?”

बरणीकाकांनी एका गोगलगायीला मुलीसारखं लाडाचं नाव ठेवलं होतं. ते त्यांनी त्या क्षणी मनातल्या मनात परत घेतलं.

आता सगळे व्यवस्थापक साहेबांकडे पाहू लागले. “जांभळं म्हणजे सुवासिक असतं ते,” साहेब फलकाकडे बघत म्हणाले. “घरी भेट आलेली मेणबत्ती होती. पडून होती.”

“म्हणूनच!” बरणीकाका ओरडले. “दालनात सुगंध यायचा! मी पोरांना सांगायचो, ग्रह श्वास सोडतोय!”

हळूहळू सगळा उलगडा झाला. इतकी वर्षं हे तिघं एकमेकांना न सांगता, आपापल्या सवडीने बरणी जगवत होते. तपासणीचा फोन आला तसे तिघंही घाबरले आणि प्रत्येकाने हात लावायचा नाही असं ठरवलं. बरणी आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर बंद राहिली, आणि महिन्याभरात मरायला टेकली. मग या आठवड्यात तिची दशा बघून बरणीकाकांनी पेलाभर ओतलं. त्यांच्यामागून बाकीच्यांनाही राहवलं नाही. तिकीटबाईंनी तांब्याभर, पहारेकऱ्याने बाटलीभर आणि साहेबांनी, घाईत काही सापडलं नाही म्हणून, गुरूखालची बादली. बूच ज्याने त्याने नुसतंच दाबून बसवलं, लिंपायला उसंत कुणाला होती! एकोणीस वर्षं बरणीवर मनापासून विश्वास ठेवणारा सबंध इमारतीत एकच माणूस होता, आणि तोही मंगळवारी फुटला.

“तळाचा पिवळा कुणाचा?” तपासनीस बाईंनी विचारलं.

तो कुणाचाच नव्हता.

बाईंना पिवळा थर मूळ धनिणीला दाखवायचा होता. बरणीकाका त्यांना घरी घेऊन निघाले. आकाश राखेच्या रंगाचं झालं होतं. कोठारात खोकी बांधायची एक वेळ चालेल, पण आता सासूबाईंच्या खाटेपाशी उभं राहून सांगायचं काय, हेच ते वाटभर मनात घोळवत होते. त्या बाईने आयुष्यात एकच गोष्ट जावयाच्या हवाली केली होती. मुलगी दिली होती म्हणा, पण तिच्याबद्दल त्या कधी विचारत नसत.

“बरणी कशी आहे?” दारातून पाऊल आत पडताच प्रश्न आला.

बरणीकाका म्हणाले, “वाईट आहे, आई. मी उघडली. सगळ्यांनीच उघडली. इतकी वर्षं मी खोटं सांगत होतो, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.”

तपासनीस बाईंनी मेणाचा काप पुढे केला. सासूबाईंनी तो हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि तळाच्या थरावर नख ठेवलं.

“हे मधमाशीचं मेण. माझंच,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे बरणी बंद केली तेव्हाचं?”

“छे. त्यानंतरचं. पहिली बंद केली होती ती तीन महिन्यांत मेली.”

बायकोच्या हातातली वाटी खाली पडली.

“बूच झिरपत होतं,” सासूबाई म्हणाल्या. “ओल हळूहळू निघून जायची. लहान ग्रह हवा धरून ठेवू शकत नाही, तसंच. वर्गात हेच तर शिकवायचे मी! पण उद्घाटन ठरलं होतं. पाहुणे येणार होते. जावयाची नोकरी त्या दालनावर होती, आणि लेकीचं लग्न त्या नोकरीवर. मग उघडली, नवं शेवाळ घातलं, मेण लावलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात खरं सांगून टाकू. एकोणीस वर्षं झाली. रोज विचारायचे, बरणी कशी आहे. मला वाटायचं, आज हे म्हणतील, आई, मेली, आणि मग मला सांगता येईल. पण हे आपले रोज छान, छान! इतकी कशी छान राहील ती? झोप लागायची नाही मला.”

“पण मला तुमची भीती वाटायची,” बरणीकाका म्हणाले.

“आणि मला तुमची.”

दोघंही जमिनीकडे बघू लागले. एका घरात इतकी वर्षं काढलेल्या दोन माणसांना याहून लांबलचक संभाषण झेपणारं नव्हतं. बायकोने वाटी उचलली आणि रडू येतंय की हसू ते न कळल्यामुळे ती स्वयंपाकघरात गेली.

तपासनीस बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. “या धड्यामुळे मी विज्ञानाला गेले,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना.

निकाल सोमवारी लागला. खोटं लिहिलेला फलक काढायचा. नव्या फलकावर सगळं खरं लिहायचं, की ही बरणी चौघांनी आणि त्याआधी एकीने वेळोवेळी उघडली आणि म्हणून ती जगली. साचलेलं पाणी काढून, बरणी आहे त्या बुचासकट त्या दिवसापासून खरोखर बंद करायची. त्यावर मुख्य कार्यालयाची लाखेची लाल मोहोर. मोहोरेचा शिक्का फक्त बाईंकडे. त्या दर महिन्याला येऊन पाहतील. बरणी वर्षभर जगली तर दालन राहील, नाहीतर नाही.

“पण बूच झिरपतं ना,” बरणीकाका म्हणाले. “ती मरणारच.”

“मूळ वस्तूत बदल करता येत नाही. नियम आहे,” बाई म्हणाल्या आणि मोहोर उठवली. सरळ, नेटकी.

त्यानंतर बरणीकाकांनी बरणीला हात लावला नाही आणि इतरांनाही लावू दिला नाही. तिकीटबाई तिकडे फिरकल्या तरी ते आडवे होत. नवा फलक वाचून लोक हसत, काहीजण पैसे परत मागत. बरणीकाका मात्र आता भाषणात उजवा हात बरणीकडे करायच्या आधी जरा थांबत आणि सांगत, “मी सांगतोय म्हणून खरं धरू नका. मी आधी जे सांगत होतो त्याचं काय झालं, ते शेजारच्या फलकावर वाचा.” पहिल्या महिन्यात शेवाळ फिकुटलं. दुसऱ्यात कडेने तपकिरी झालं. बरणीकाकांनी कोठारात घालायला एक जाड सदरा घेऊन ठेवला. घरी ते खरं तेच सांगत, “सुकतेय, आई,” आणि सासूबाई मान डोलावत.

तिसऱ्या महिन्यात बाई आल्या त्या दिवशी अंधारून आलं होतं. बरणीत गोगलगायी शंखात गेल्या होत्या. बाईंनी मोहोर तपासली, अभंग होती. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, चहा मिळेल का?”

इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. बरणीकाका स्वतः चहा करायला गेले, आलं शोधण्यात वेळ गेला. परत आले तेव्हा दालनात जळक्या काडीचा वास होता. बाईंनी चहा उभ्यानेच घेतला, चांगला झालाय म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आठवड्याभरात शेवाळ हिरवं झालं. बरणीकाकांनी तिकीटबाईंना विचारलं, पहारेकऱ्याला विचारलं, साहेबांना दाराआड नेऊन विचारलं. तिघांनी शपथा घेतल्या आणि तिघंही खरं बोलत होते. मग ते बरणीपाशी गेले. मोहोर जागेवर होती, लाल, अभंग. फक्त आता ती जराशी तिरपी होती.

त्या संध्याकाळी ते घरी आले. चपला काढायच्या आतच प्रश्न आला.

“बरणी कशी आहे?”

“हिरवी आहे, आई.”

“पाणी कुणी घातलं?”

“मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते कसं सांगू?”

सासूबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “मेण कुठल्या रंगाचं आहे?”

“मेण नाही. लाख आहे. लाल.”

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. खिडकीत उजेड असा नव्हताच.

“पुढच्या महिन्यात आली की सांगा त्या पोरीला,” त्या म्हणाल्या, “अर्ध्या पेल्याच्या वर घालू नकोस म्हणावं. गोगलगायींना सोसत नाही.”